बेलूरच्या पुलातली चीर

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना शिकवत होते आणि राहत होते धारवाडला, सप्तापुरात. नवरा धारवाडजवळच्याच बेलूर औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या देखभालीच्या खात्यात इंजिनिअर. सकाळी मी बसनं एका दिशेला जायची आणि तो स्कूटरवरून बरोबर उलट्या दिशेला. घरात मागं उरायचे माझे सासरे. त्यांना आम्हीच काय, सगळी गल्ली अप्पा म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. अप्पांनी धारवाडच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केली आणि डोळे साथ देईनासे झाले तशी सोडली. वकिली सुटली तरी उलटतपासणी सुटली नव्हती. दूधवाल्याला उशीर झाला तर त्यालासुद्धा दारात उभं राहून जबानी द्यावी लागे. मराठीत सुरू झालेली चौकशी कन्नडमध्ये संपायची आणि शेवटी दोघंही हसायचे.

माझा विषय मी त्यांना पहिल्यांदा सांगितला तो व्हरांड्यात हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो असताना.

"एखाद्या पुलाला किंवा इमारतीला आत कुठं इजा झालीय, ते न फोडता शोधायचं," मी म्हणाले.

"कसं?"

"तो थरथरतो कसा, ते मोजून. हातोड्यानं हलकेच ठोकलं की प्रत्येक बांधकाम आपल्या ठरावीक वेगानं थरथरतं. कुठं चीर पडली की तेवढा भाग मऊ होतो आणि वेग किंचित उतरतो."

"उतरला हे कळलं. पण चीर कुठं पडली, ते कसं कळणार?"

"तोच तर विषय आहे, अप्पा."

त्यांनी सोललेले दाणे तोंडात टाकले आणि थोडा वेळ चावत राहिले. "म्हणजे गुन्हा झालाय हे सिद्ध आहे," ते म्हणाले, "आरोपी सापडत नाही." त्यानंतर माझ्या संशोधनाची खबर ते याच भाषेत घेत राहिले. मी कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आधी प्रश्न यायचा, "सापडला का?"

माझे मार्गदर्शक सर गदगकडचे, शेतकरी घरातले. आमचं बोलणं कन्नडमध्येच व्हायचं. माझं कन्नड लग्नानंतर शिकलेलं, तरी सरांपुढं मला कधी संकोच वाटला नाही. त्यांनी मला जी पद्धत वापरायला सांगितली ती तेव्हा आमच्याकडं नवीच होती. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. विचारलं, "जोंधळ्याचं बियाणं निवडताना पाहिलंय का कधी? चांगली कणसं बाजूला काढतात, बाकीची खायला जातात. पुढल्या वर्षी पुन्हा तसंच. आपण कॉम्प्युटरला तेच करायला लावायचं."

म्हणजे आधी कॉम्प्युटरला वाटेल तसे अंदाज करू द्यायचे. चीर इथं असेल, तिथं असेल, एवढी असेल, तेवढी असेल. प्रत्येक अंदाजाप्रमाणे पूल कसा थरथरेल याचं गणित मांडायचं आणि खऱ्या मोजमापाशी ताडून बघायचं. ज्यांची चूक मोठी ते अंदाज टाकून द्यायचे. ज्यांची चूक लहान ते राखायचे, त्यांची आपसात सरमिसळ करून नवे अंदाज तयार करायचे. असं करत पिढ्यामागून पिढ्या चूक कमी होत जाते, आणि शेवटी जो अंदाज टिकतो त्याच जागी चीर असायला हवी.

प्रयोगशाळेत हे छान जमलं. लोखंडी पट्ट्या एका टोकाला घट्ट आवळून धरायच्या, कुठंतरी करवतीनं काप द्यायचा, ठोकायचं, मोजायचं. आकडे फ्लॉपीवर घेऊन खात्यातल्या कॉम्प्युटरमध्ये घालायचे. गणिताला अख्खा दिवस लागे आणि मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तरी उत्तर बहुतेक बरोबर यायचं. मी खूष होते. सर मात्र म्हणाले, "पट्टीवरून कुणी चालत नाही, मॅडम. एखादा खरा पूल बघा."

खरा पूल आम्हाला बेलूरमध्ये मिळाला. नवऱ्याच्या कारखान्याच्या आवारातून पावसाळी पाण्याचा एक ओढा जायचा. त्याच्यावर लोखंडाचा छोटा पादचारी पूल होता, एका बाजूला ओतकामाची भट्टी, दुसऱ्या बाजूला कॅन्टीन. शेजारी सिमेंटचा रुंद पूल नवीन झाल्यामुळं जुना पूल बंद केला होता आणि कधीतरी भंगारात जाणार होता. नवऱ्यानं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, भंगारात जाण्याआधी काही कापायचं असेल तर खुशाल कापा.

आधी धड पुलाची मोजमापं घेतली. मग सरांनी एक अट घातली. काप कुठं द्यायचा ते नवऱ्यानं ठरवायचं, मला सांगायचं नाही. काप पुलाच्या पोटाशी, खालच्या बाजूनं, म्हणजे वरून दिसणार नाही. तो किती असावा याचा हिशेब सरांनी स्वतः करून दिला होता, एवढ्यानं पुलाला धोका नव्हता. मी खाली ओढ्यात उतरायचं नाही आणि वाकूनही बघायचं नाही, असं सरांना कबूल केलं.

"घरात नवरा आणि प्रयोगात शत्रू," सर हसत त्याला म्हणाले. "जमेल ना?"

"हौद्री," नवरा म्हणाला. होय, जमेल.

खरंच जमलं त्याला. एका सुट्टीच्या दिवशी तो एका फिटरला घेऊन गेला, काप देऊन आला, हात धुऊन जेवायला बसला. मी काही विचारलं नाही. अप्पांना मात्र राहवेना.

"कापताना ऊन डोळ्यांवर येत होतं का पाठीवर?" त्यांनी आमटी वाढून घेत सहज विचारलं.

"ढग होते, अप्पा."

"पाणी प्यायला गेलास तेव्हा लांब जावं लागलं का?"

"बाटली बरोबर नेली होती."

"अप्पा, मला ऐकायचं नाहीये," मी म्हणाले आणि पोळ्यांच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. मागून त्यांचा आवाज आला, "साक्षीदार पक्का आहे. पढवलेला दिसतो."

काप दिलेल्या पुलाची मोजमापं घेतली. आमच्याकडं सेन्सर एकच होता. तो पुलाच्या पाटावर, म्हणजे चालायच्या पत्र्यावर, चिकटवायचा, रबरी तोंडाच्या हातोड्यानं ठोकायचं आणि यंत्राच्या पडद्यावर उठणाऱ्या शिखरांचे आकडे उतरवायचे. वेग उतरला होता, अगदी थोडा, पण उतरला होता. मी उड्या मारायची बाकी होते.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरनं उत्तर दिलं की चीर भट्टीच्या बाजूला आहे. खात्री करावी म्हणून तेच आकडे पुन्हा घातले. या वेळी उत्तर आलं, चीर कॅन्टीनच्या बाजूला. चूक दोन्ही वेळा सारखीच कमी. तिसऱ्यांदा केलं, भट्टी. चौथ्यांदा, कॅन्टीन. नाणं उडवावं तसं चाललं होतं.

प्रोग्रॅम माझा, तेव्हा चूक माझीच असणार असं मी धरून चालले. ओळ न ओळ तपासायला घेतली. बसमध्ये कागद मांडीवर, वर्गातून आले की कागद टेबलावर. भाजी करपायला लागली. ते दिवस घरात जरा अवघडच गेले, कारण मी ज्यासाठी डोकं फोडून घेत होते ते शेजारी बसलेल्या माणसाला माहीत होतं. मी त्याच्याकडं बघितलं की तो पेपर उचलायचा. दोन जागांपैकी एक खरी असणार हे त्यालाही समजत असणार, पण त्या दोन जागा कोणत्या, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळेल म्हणून, असं त्यानं नंतर सांगितलं. एकदा फक्त म्हणाला, "चहा करू?" आणि मी हो म्हणायच्या आत उठून गेला. त्याचा मला राग येत होता आणि बरंही वाटत होतं.

प्रोग्रॅममध्ये चूक नव्हतीच. हे मला समजलं ते दोन्ही उत्तरं एका कागदावर पुलाचं चित्र काढून मांडली तेव्हा. भट्टीकडची जागा भट्टीच्या टोकापासून जेवढी लांब, कॅन्टीनकडची जागा कॅन्टीनच्या टोकापासून तेवढीच लांब. मी कागद सरांपुढं ठेवला. त्यांनी तो बघितला, उलटा धरला, पुन्हा सुलटा धरला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पूल दोन्हीकडून सारखाच आहे," ते म्हणाले. "इकडं चीर पडली काय, तिकडं पडली काय, थरथर एकच. कॉम्प्युटर बिचारा काय करणार?"

प्रयोगशाळेतल्या पट्ट्या एकाच टोकाला आवळलेल्या होत्या, म्हणून तिथं हा प्रश्न कधी उठलाच नाही.

त्या संध्याकाळी अप्पांना सांगितलं. "दोन आरोपी, दोघांवरचा पुरावा सारखाच," ते म्हणाले. "मी असतो तर दोघांनाही सोडवलं असतं."

सरांचं म्हणणं पडलं की कुठलाही खरा पूल दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो, आणखी बारकाईनं मोजलं तर फरक सापडेल. म्हणून आम्ही तिसऱ्यांदा बेलूरला जायचं ठरवलं. या वेळी अप्पाही निघाले. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही आठवडे झाले होते, नव्या चष्म्यातून जग बघायची घाई होती, आणि घरात बसून ते कंटाळले होते. "घटनास्थळ पाहिल्याशिवाय मी कधी केस चालवली नाही," एवढं बोलून ते आपली घडीची खुर्ची घेऊन कारखान्याच्या जीपमध्ये पुढं बसले.

सुट्टी असल्यानं आवारात शांतता होती. सरांनी यंत्र लावलं, मी सेन्सर चिकटवला. कॅन्टीनच्या बाजूला चिंचेचं झाड होतं आणि त्याची सावली पुलाच्या पाव भागापर्यंत येत होती. मी हातोडा घेऊन ठोकायला सुरुवात केली. पडद्यावरची शिखरं पाहते तो सगळी खाली सरकलेली. मागच्या वेळच्या एकाही आकड्याशी मेळ नाही. वाटलं, चीर वाढली. मग मान वळवून बघितलं तर अप्पा पुलावर, चिंचेच्या सावलीत, खुर्ची टाकून आरामात बसलेले.

"अप्पा," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले, "तुमच्या वजनानं आकडे बदलतायत. जरा पलीकडं बसता का?"

पुलाच्या पलीकडं, जमिनीवर, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी खुर्चीची घडी केली, पुलावरून चालत भट्टीच्या बाजूला गेले आणि साधारण तेवढ्याच अंतरावर, पुलावरच, पुन्हा खुर्ची मांडली. वर मला म्हणाले, "आता?"

सर हसायला लागले. मी हातोडा उचललेलाच होता, तर वैतागून एक ठोका टाकला. आणि पडद्याकडं बघत राहिले.

आकडे मघाच्यापेक्षा वेगळे होते. फार नाही, शेवटच्या एक-दोन घरांत फरक होता. पण पूल जर दोन्हीकडून सारखा, तर अप्पा इकडं बसले काय आणि तिकडं बसले काय, आकडे सारखेच यायला हवे होते. ते सारखे नव्हते, कारण पूल आता सारखा राहिला नव्हता. चीर एकाच बाजूला होती, आणि अप्पांचं वजन तिच्या बाजूला गेलं की पूल एक सांगत होता, विरुद्ध बाजूला गेलं की दुसरं.

सरांचं हसू थांबलं होतं. तेही पडद्याकडं बघत होते.

"अप्पा," मी म्हणाले, "परत सावलीत बसाल?"

"मघाशी तूच उठवलंस."

"हो. आता बसा."

सर स्वतः गेले, त्यांची खुर्ची उचलली, त्यांना हाताला धरून पलीकडं नेलं. "कुंदर्री अप्पाजी, आरामात बसा," म्हणाले. मी ठोकलं. पहिले आकडे परत आले. पुन्हा भट्टीकडं. दुसरे आकडे आले. सकाळभर अप्पा पुलावर येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक वेळी खुर्चीत बसताना हालचाल अगदी बंद ठेवत होते, फोटो काढून घेत असल्यासारखे. नवरा काठावर हाताची घडी घालून उभा होता. मी त्याच्याकडं मुद्दाम बघितलं नाही.

गणितात घालायला अप्पांचं वजन हवं होतं, म्हणून त्यांना कारखान्याच्या काट्यावर उभं केलं. तेवढ्यात सरांच्या लक्षात आलं की जिवंत माणूस म्हणजे नुसतं वजन नव्हे, शरीर थरथर शोषून घेतं, खुर्चीही हलते, तेव्हा गणित गढूळ होणार. वजन लोखंडाचंच हवं. नवऱ्यानं भट्टीतल्या ओतीव ठोकळ्यांची सोय करायचं कबूल केलं.

"म्हणजे माझी साक्ष अग्राह्य?" अप्पांनी काट्यावरूनच विचारलं.

"ग्राह्य आहे," सर म्हणाले, "पण लेखी पुरावा लोखंडाचा लागेल."

पुढच्या सुट्टीला ठोकळे आले. आधी एका बाजूला ठेवून मोजलं, मग दुसऱ्या. प्रोग्रॅममध्ये तेवढं वजन घालणं अवघड नव्हतं. कॉम्प्युटरला लावून मी वर्गावर गेले, पण त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही. उत्तर आलं, भट्टीची बाजू. पुन्हा केलं, भट्टी. दर वेळी अंदाज वेगळ्या जागेवरून सुरू व्हायचे, कॅन्टीनकडं थोडे रेंगाळायचे आणि मग सगळे भट्टीकडं येऊन थांबायचे. मी सरांना बोलावून आणलं आणि आम्ही दोघं खुर्च्या ओढून पडद्यावर ते अंदाज भट्टीकडं गोळा होताना बघत बसलो.

मी घरी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बेलूरला गेलो. मी पुलावर खडूनं एक रेघ ओढली आणि नवऱ्याला म्हटलं, "इथं, खालच्या बाजूला."

तो काठावरून ओढ्यात उतरला. पाणी आटलेलं होतं. खालून हात वर करून म्हणाला, "ये." मी साडीचा पदर खोचला आणि त्याच्या हाताला धरून उतरले. इतके महिने ज्या जागेकडं बघायचं टाळलं होतं तिथं मान वर करून बघितलं. काप माझ्या रेघेच्या एक वीत पलीकडं होता. कडा गंजून तांबूस झाल्या होत्या. मी त्यात नखाचं टोक घालून बघितलं. नवरा म्हणाला, "वीतभर चुकलीस."

"वीत चालते," वरून सरांचा आवाज आला.

"तू पहिल्यांदा दोन उत्तरं आलीत म्हणून रडकुंडीला आली होतीस ना," नवरा हळूच म्हणाला, "तेव्हा मला फार वाटलं की सांगून टाकावं."

"सांगितलं असतंस तर मी जन्मभर बोलले नसते," मी म्हणाले.

"म्हणून तर नाही सांगितलं."

कापाची खोली मात्र माझ्या गणितात कमी आली होती. त्याचं कारण शोधण्यात पुढं बराच काळ गेला आणि प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावर झालं. पुलाचं पुढं भंगार झालं. त्या जागी आता काही नाही, ओढाही बुजवला आहे असं नवरा सांगतो. वजन ठेवून बाजू ओळखण्याची कल्पना दुसरीकडं इतरांनीही वापरली होती, हे मला वाचनात नंतर आढळलं. थोडं वाईट वाटलं, पण फार नाही. आम्हाला ती कशी सापडली ते आम्हाला माहीत होतं.

तोंडी परीक्षा दोन हजार सालानंतर झाली. बाहेरगावचे परीक्षक सभ्य होते. त्यांनी विचारलं, "बाजू ठरवायला वजन वापरायचं, हे कसं सुचलं?" मी सरांकडं बघितलं. सर छताकडं बघत होते. "माझे सासरे पुलावर बसले होते," मी म्हणाले. परीक्षकांनी मान हलवली. त्यांना बहुधा तो विनोद वाटला. सर्वांत मागच्या बाकावर कोट घालून बसलेले अप्पा उठून उभे राहिले आणि लगेच खाली बसले.

परीक्षा आटोपल्यावर सर आमच्याकडं जेवायला आले. मी शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि शेवयांची खीर केली होती. पुलाचा विषय पहिल्या घासाबरोबरच संपला. मग सर आणि अप्पा नळाला दिवसाआड येणाऱ्या पाण्यावरून कन्नडमध्ये वाद घालत बसले, दोघांचेही आवाज चढले आणि दोघंही मजेत होते. नवऱ्यानं ताटं उचलली आणि मला म्हणाला, "राहू दे, मी बघतो." मी आतल्या खोलीत जाऊन जरा आडवी झाले. बाहेर वाद चालूच होता. कित्येक वर्षांनी मी दुपारी झोपले, आणि उठले तेव्हा सर निघून गेले होते, भांडी घासून पालथी घातलेली होती, आणि अप्पा व्हरांड्यात पेपर वाचत होते.